दोन मीटर एकतीस

विलासकाकांना लाउटरहाल्डन शहराचे अधिकृत मार्गदर्शक म्हणून नेमण्यात आलं नाही.

बरं, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. नेमणूक अजून व्हायची आहे, सगळं व्यवस्थित चाललं आहे, आणि या क्षणी काका राटहाउसच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भिंतीला लावलेल्या शिडीवर उभे आहेत. शिडी मी एका पायाने दाबून धरली आहे, कारण माझ्या हातात टेपचं खालचं टोक आहे.

"ओजस, काय आलं वाच की."

"तीन मीटर बहात्तर."

"परत वाच."

"काका, टेप आहे. मत बदलत नाही."

"टेप बदलत नाही, वाचणारा बदलतो. एकोणतीस वर्षं तेच बघितलंय मी."

ट्रॉली ओढत चाललेल्या एक बाई थांबल्या आणि शिडीला परवानगी आहे का, असं त्यांनी विचारलं. काकांनी वरूनच खिशातला कागद काढून खाली धरला. बाईंनी त्यावरची तारीख तपासली, शिक्का तपासला, "गेनाऊ", म्हणजे 'बरोबर', म्हणाल्या आणि गेल्या. काका वर काय मोजतायत, हे काही त्यांनी विचारलं नाही.

काका मोजत होते पूर. भिंतीत एक लालसर दगड बसवलेला आहे. त्यावर एक आडवी रेघ, आणि रेघेखाली तारीख: २९ ऑक्टोबर १८२४. त्या दिवशी लाउटर नदीचं पाणी इथवर चढलं होतं, असं दगडाचं म्हणणं. आणि जे दगडाचं म्हणणं, तेच गावाचं.

गाव म्हणजे लाउटरहाल्डन. दक्षिण जर्मनी, वस्ती अकरा हजार चारशे, दोन चर्च, तासाला एक गाडी, आणि मुख्य रस्त्यावर श्रवणयंत्रांची तीन दुकानं. जिल्हा रुग्णालय होतं, त्याचं आता 'आरोग्य केंद्र' झालं आहे; म्हणजे पाटी आहे, डॉक्टर नाहीत. तरी हे जिल्ह्याचं ठिकाण. शेजारचं शहर चौपट मोठं, तिथे विद्यापीठ, तिथे सिनेमागृह, पण तिथल्या माणसाला गाडीची नंबरप्लेट घ्यायला इथे यावं लागतं. लाउटरहाल्डनमध्ये आनंदाची जी काही साधनं आहेत, त्यांत हे पहिलं.

हा मान कसा मिळाला, त्याचीही गोष्ट आहे, आणि ती इथे बालवाडीत शिकवतात. त्या पुरात ओबरआम्टचा, म्हणजे त्या काळच्या जिल्हा कचेरीचा, योहान गॉटलीब एपले नावाचा कारकून होता. पाणी चढत गेलं तसा तो शिक्का घेऊन वर वर गेला, शेवटी राटहाउसच्या छपरावर बसला, आणि तिथूनही कागदांवर शिक्के मारत राहिला. राजाला हे कळलं. राजा म्हणाला, असा कारकून जिथे आहे तिथेच कचेरी राहील. एकोणीसशे त्र्याहत्तर साली जिल्ह्यांची मोडतोड झाली तेव्हाही, म्हणतात, कुणीतरी हीच गोष्ट सांगितली आणि मुख्यालय वाचलं. गोल चौकात छपरावर बसलेल्या एपलेचा पत्र्याचा पुतळा आहे. इथल्या बिअरचं नाव 'छप्पर' आहे.

विलासकाका आरवाडे सांगलीचे. एकोणतीस वर्षं त्यांनी इथल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम केलं. व्हॉल्व्ह यायचा, काका त्याचं भोक मोजायचे, बरोबर असेल तर हिरवा कागद, नसेल तर लाल. बस्स. त्या खोलीचं तापमान कायम वीस अंश असायचं. काकू म्हणतात, काकांचंही. मी त्याच कारखान्यात दीड वर्षापूर्वी लागलो आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो, म्हणून शिडी धरायला मी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मार्गदर्शकाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. तीन महिन्यांचा वर्ग, लेखी परीक्षा, मग चाचणीचा एक फेरफटका, आणि त्यानंतर शहराचा बिल्ला. लेखीत ते पहिले आले. मी एकदा विचारलं, काका, कशाला हा उद्योग? ते चष्मा पुसत म्हणाले, "इथं लोकांनी मला एकोणतीस वर्षांत एकच प्रश्न विचारलाय. तुम्ही कुठले? आता एकदा तरी कुणीतरी मला विचारावं, की हे गाव कुठलं."

सगळं सरळ होतं. पण सांगलीचा माणूस कुठल्याही गावात गेला की आधी भिंती बघतो. देऊळ, बाजार, हॉटेल नंतर. पाणी कुठवर आलं होतं ते आधी. आयर्विन पुलाला चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, एकोणीस साली सत्तावन्न, हे तिथे पाढ्यांसारखं पाठ असतं. मी नाशिकचा. आमच्याकडे पूर फुटात मोजत नाहीत, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीत मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्हॉल्व्ह वितीने मोजतो असं कबूल केलं असावं.

काकांना रेघ पहिल्यापासून खटकत होती. गिरणीच्या भिंतीवर त्याच पुराची दुसरी खूण आहे. 'ओक्सेन' खानावळीच्या तळघराच्या जिन्यावर तिसरी. आम्ही पाच शनिवार मोजलं. चर्चच्या पायथ्याला समुद्रसपाटीपासूनची सरकारी उंची दाखवणारा खिळा आहे, तिथून पातळी घेतली. गिरणी म्हणते, बाजारचौकात पाणी दोन मीटर एकतीस. ओक्सेन म्हणतं, दोन मीटर एकतीस. आणि राटहाउस म्हणतं, तीन बहात्तर.

"एक मीटर एकेचाळीस," काका शिडीवरून उतरत म्हणाले. "एवढ्यात अख्खा माणूस बुडतो रे. बसलेला."

*

शोभनाकाकू वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करतात. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला त्या तो काय खात नाही यावरून ओळखतात. त्या संध्याकाळी त्या वांगी चिरत होत्या आणि काका टेबलावर गावाचा उभा छेद, म्हणजे कुठली जागा किती उंचीवर याचं चित्र, पसरून बसले होते.

"हे बघ. पाणी तीन बहात्तर असतं तर चर्चमध्ये पाद्री गळ्यापर्यंत बुडाला असता. आणि चर्चच्या वहीत काय लिहिलंय? त्याच दिवशी संध्याकाळी प्रार्थना झाली, हजर एकोणतीस. कुणी पोहत होतं असं लिहिलेलं नाही."

"अहो, छेद उचला. पोळ्या ठेवायच्यात."

"अगं, दोन एकतीस असेल तर पहिला मजला कोरडा. म्हणजे एपले छपरावर गेलाच नाही. जाईल कशाला? आपल्या टेबलावर बसला होता. खाली पाणी, वर हा, रोजचं काम करत होता."

"बरं मग?"

"मग काय, सांगायला पाहिजे की."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "कुणाला सांगणार? तुमची परीक्षा घेणाऱ्यांना? त्यांच्या पुतळ्याला छपरावरून उतरवणार, आणि ते तुम्हाला बिल्ला देणार? तीन बहात्तर म्हणा आणि पुढे चला. चार पावलांवर कारंजं आहे, त्याच्याबद्दल बोला."

"कारंज्यात काही नाही."

"म्हणूनच."

काका माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "काका, मारुतीच्या हिशेबाने बघितलं तर दोन्ही छातीच्या वरच." दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. या एका बाबतीत त्यांचं एकमत असतं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन इतिहास मंडळाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, ब्युर्कले यांच्याकडे गेले. ब्युर्कले एक्याऐंशी वर्षांचे, आणि चाचणीच्या समितीतल्या दोघांपैकी एक. काकांनी त्यांच्यापुढे आकडे मांडले. तीन जागा, पाच शनिवार, चूक अधिक-उणे चार मिलिमीटर. ब्युर्कलेंनी शांतपणे सगळं वाचलं. मग उठले, मागचा खण उघडला आणि एक पिवळं पत्र काकांपुढे ठेवलं.

१९११ साली राटहाउसची भिंत नव्याने बांधली, तेव्हाचं गवंड्याचं पत्र. सूचनाफलक लावायला जागा हवी होती म्हणून पुराचा दगड वर सरकवला आहे, कळावे.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," काका म्हणाले.

"हो, हो. सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना?"

"म्हणजे, इथे जन्मलेल्यांना."

त्यांनी एपलेच्या हातची नोंदवहीही दाखवली. त्या दिवसाच्या नोंदी क्रमांक चारशे अकरा ते चारशे अडतीस. जन्माचे दाखले, एका म्हशीएवढ्या बैलाची विक्री, एक लग्न. अक्षर सरळ. एकही ओळ हललेली नाही, एकही थेंब पडलेला नाही. काका त्या पानावर इतके वाकले, की ब्युर्कलेंना वाटलं त्यांची तब्येत बिघडली.

"टेबलावर बसून लिहिलंय हे," काका म्हणाले.

"अर्थातच. छपरावर कोण लिहील? पाऊस होता." ब्युर्कलेंनी वही मिटली. "हेर आरवाडे, तुमचं मोजमाप उत्तम आहे. म्हणजे तुम्ही हे गाव शिकलात. आता एवढंच शिकायचं राहिलंय, की हे बोलायचं नसतं."

परत येताना काकांनी मुद्दाम राटहाउसची भिंत टाळून लांबचा रस्ता धरला. कुणालाच माहीत नसतं तर त्यांना इतका राग आला नसता. अज्ञानाला हिरवा-लाल कागद लावता येतो. माहीत असून तीन बहात्तर लिहिणाऱ्याला लावायचा कागद त्यांच्या खोलीत कधीच नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, तर काकू भाजी परतत म्हणाल्या, "हो, ते आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहितीये. आमच्या क्लेंकबाईंच्या आजोबांनीच तर फलक लावला होता."

"तुला माहीत होतं?"

"आठ-दहा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

काकांनी खुर्ची ओढली, बसले, पुन्हा उठले. फोनवर लेक होती, उर्जा, डार्मश्टाटहून. तिला ऐकू जावं म्हणून फोन उभा करून ठेवला होता. ती जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, साग आइनफाख ड्राय झीबत्सिश," म्हणजे सरळ तीन-सत्तर म्हणून मोकळे व्हा, आणि त्यातही दोन सेंटिमीटर खाल्ले. काकांनी फोन आडवा केला.

पण रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी मान्य केलं. "म्हणतो. तीन बहात्तर. झालं समाधान?"

"माझं कशाला? बिल्ला तुम्हाला हवाय," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पानात जास्तीचं वांगं वाढलं.

*

चाचणीच्या दिवशी काकांनी मुलीच्या पदवीदानाला घेतलेला कोट घातला. समितीचे दोघे होते: ब्युर्कले, आणि नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्याच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, हाउग, हातात गुणपत्रक. पर्यटकांच्या जागी शेजारच्या गावातल्या बोलिंग क्लबचे नऊ सभासद फुकट आणले होते. मी छत्री धरायला. पाऊस नव्हता, पण काकांनी यादीत छत्री लिहिली होती.

पहिली चाळीस मिनिटं काका उत्तम बोलले. जर्मन स्वच्छ, विनोद दोन, दोन्हींना लोक हसले. धान्यबाजार, तुरुंग, आता त्यात असलेलं योगा केंद्र. कुणी काही विचारलं नाही. लोक मान हलवत होते, फोटो काढत होते, फ्राउ हाउग खुणा करत होत्या. कुणीतरी एकदा विचारलं तेही "तुम्ही मूळचे कुठले?" असंच.

मग भिंत आली. काकांनी दगडाकडे बोट केलं आणि पाठ केलेलं वाक्य पाठ केल्यासारखंच म्हटलं. "२९ ऑक्टोबर १८२४, लाउटरचा महापूर, तीन मीटर बहात्तर. आता आपण कारंज्याकडे जाऊ."

ब्युर्कलेंनी मान डोलावली. बोलिंग क्लब वळला. आणि सगळ्यांत मागे केळं खात उभा असलेला एक म्हातारा वर बघत म्हणाला, "एक विचारू? पाणी खरंच तिथवर आलं होतं?"

काका थांबले.

मी त्यांच्याकडे पाहत होतो. तुम्हाला वाटेल ते धर्मसंकटात सापडले असतील, चेहऱ्यावर काही उमटलं असेल. तसं काही नाही. कारखान्यात कुणी व्हॉल्व्ह पुढे केला की ते जसे बघायचे, तसे त्यांनी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही."

आणि पुढची अकरा मिनिटं ते बोलले. मी घड्याळ बघितलं म्हणून माहीत आहे. गिरणीची खूण, ओक्सेनचा जिना, चर्चमधले कोरडे एकोणतीस जण. बोलिंग क्लब कारंज्याची वाट सोडून काकांच्या जवळ सरकला. काका म्हणाले, "छपरावर बसून शिक्के मारले असते तर एपले शूर होता. पण तो छपरावर नव्हता. तो आपल्या टेबलाशी होता. खाली तळमजल्यात पाणी आदळत होतं, वर हा माणूस चारशे अकरा, चारशे बारा, चारशे तेरा लिहीत होता. अक्षर बघा त्याचं. एकदाही हललेलं नाही. मला विचाराल तर पुतळा याचा पाहिजे."

केळंवाल्याने साल खिशात घातली आणि विचारलं, "आणि ते लग्न? लागलं का?"

"चारशे छत्तीस," काका म्हणाले. "लागलं. नवरा होडीतून आला."

लोक हसले, आणि दोघांनी टाळ्याही वाजवल्या. फ्राउ हाउगनी गुणपत्रकावर टाळ्यांसाठी रकाना आहे का ते शोधलं. नव्हता. ब्युर्कले कारंज्याकडे पाहत उभे होते, आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते. ते चिडले होते की चारशे छत्तीस आठवत होते, हे मला कळलं नाही.

घरी जाताना काका पहिल्यांदाच रस्त्यात काही गुणगुणत होते. काकूंनी दार उघडलं, त्यांचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "बोललात ना."

"विचारलं गं एकाने."

"मग इलाज नाही," असं म्हणून काकूंनी चहा टाकला.

*

पत्र नऊ दिवसांनी आलं. सुरुवातीला जे तुम्ही वाचलं नव्हतं, तेच त्यात होतं. श्री. आरवाडे व्यक्ती म्हणून अत्यंत योग्य आहेत, भाषा उत्कृष्ट आहे, तथापि संमत मजकुरापासून एक मीटर एकेचाळीस सेंटिमीटरचं विचलन आढळल्याने नेमणूक करता येत नाही. आकडा त्यांनी काकांच्याच कागदावरून घेतला होता. खाली फ्राउ हाउगनी हाताने लिहिलं होतं: येत्या आंतरसांस्कृतिक सप्ताहात तुम्ही भारताविषयी, शक्यतो मसाल्यांविषयी, वीस मिनिटं बोललात तर आम्हाला फार आनंद होईल.

काकूंनी पत्र वाचलं. "तुम्हाला फोडणी तरी येते का?"

काका हसले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी बागेतल्या कुंपणाच्या खांबांमधली अंतरं मोजली, ती सारखी निघाली, त्याचाही त्यांना आनंद झाला नाही. एकदा मी वर जाताना ते जिन्यात म्हणाले, "ओजस, त्यांनी चूक म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ते बरोबर म्हणतायत आणि नको म्हणतायत. याच्याशी भांडायचं कसं, सांग की."

मी मारुतीचं उदाहरण द्यायचा विचार केला आणि दिलं नाही. माझ्या आयुष्यातला तो एक प्रौढ क्षण.

सोमवारी ते कोट घालून खाली उभे होते. "चल. ऑर्डनुंग्सआम्टला जायचंय." म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेचं खातं. तळमजल्यावर, त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला. खिडकीमागे एक तरुण अधिकारी होता.

"मला त्या दगडाखाली उभं राहायचं आहे," काका म्हणाले. "मंगळवारी, तासभर."

"काय विकणार?"

"काही नाही."

"वाजवणार?"

"नाही."

"निदर्शनं?"

"नाही. उभा राहणार."

अधिकारी खुर्चीत मागे रेलला. "उभं राहायला परवानगी लागत नाही."

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"तर?"

"उत्तर द्यायला?"

अधिकारी आत गेला. आतून दोन आवाज ऐकू आले, मग फोन, मग पुन्हा दोन आवाज. तो परत आला. "उत्तर दिलं की ते मार्गदर्शन होतं. मार्गदर्शनाला बिल्ला लागतो. तुमच्याकडे बिल्ला आहे?"

"नाही."

"मग न बोलता उभे राहा."

"कुणी विचारलं तरी?"

"विशेषतः कुणी विचारलं तर."

काकांनी विचारलं, यासाठी कुठला अर्ज असतो. अधिकाऱ्याने सगळे खण उघडले. शेवटी त्याला सार्वजनिक जागेच्या विशेष वापराचा अर्ज सापडला. फुलांचे स्टॉल, रस्त्यावरचे वादक आणि हलवायच्या पियानोसाठी असतो तो. काका तिथेच बाकावर बसले. अर्ज गुडघ्यावर घेतला, मग उठून खिडकीच्या कडेला गेले, तिथलं लाकूड सपाट आहे ना ते हाताने बघितलं, आणि त्यावर ठेवून लिहायला लागले. बाहेर कुणीतरी फलकावर नवी सूचना ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला भिंत हलत होती. काकांचं अक्षर सरळ येत होतं.

लिहून झाल्यावर त्यांनी तो मला तपासायला दिला. जर्मन होतं, त्याचं मराठी साधारण असं:

मा. सार्वजनिक सुव्यवस्था विभाग, जिल्ह्याचे ठिकाण लाउटरहाल्डन, यांस. वापराचे स्वरूप: उभे राहणे. लागणारी जागा: दोन बुटांची. सहभागी व्यक्ती: एक. ध्वनी: एका वाक्याएवढा. साहित्य: नाही, पाऊस असल्यास छत्री अर्जदार स्वतः आणेल. वापराची समाप्ती: अर्जदाराच्या हयातीपर्यंत. तरी अर्जदारास दर मंगळवारी सकाळी दहा ते अकरा या वेळेत राटहाउसच्या उत्तरेकडील भिंतीजवळ, रहदारीस अडथळा न करता, उभे राहण्याची, आणि कोणी आपण होऊन विचारल्यास, व केवळ विचारल्यासच, 'दोन मीटर एकतीस' एवढे उत्तर देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.